युजेबिलिटीवर (सॉफ्टवेअर वापरायला सोपं करण्यावर) खर्च करायला मालकांना कसं पटवायचं? (सल्ला हवा आहे)

निवांत_कोथरूड

नमस्कार मंडळी. बाणेरच्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. आमचं ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) भोसरी, चाकण, रांजणगाव पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत चालतं. बहुतेक सगळे ऑटो कंपन्यांना पार्ट पुरवणारे व्हेंडर. फीचर ढीगभर, स्क्रीन मात्र भयाण.

मध्यंतरी एका ग्राहकाच्या स्टोअरमध्ये बसले होते. गेटवर टेम्पो उभा, ड्रायव्हर काउंटरवर चलन घेऊन ताटकळलेला. स्टोअरकीपर दादा जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) करत होते. पीओचा (खरेदी ऑर्डरचा) नंबर टाकला, मग सप्लायरची यादी उघडली, की टाकलेला नंबर पुसला जातो. म्हणून दादा नंबर आधी तळहातावर पेनाने लिहून घेतात. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी: ‘सेव्ह एकदाच दाबणे. थांबणे.’ दोनदा दाबलं तर दोन जीआरएन होतात आणि अकाउंट्सवाल्यांची बोलणी खावी लागतात.

हे एमडींना सांगितलं तर म्हणाले, “रंगरंगोटीला पैसे नाहीत, ग्राहक नवीन रिपोर्ट मागतायत ते आधी द्या.” मला साधारण सहा लाख हवेत. एक डिझायनर काही महिने, आणि एका डेव्हलपरचा अर्धा वेळ. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. नेटवर ‘एक डॉलर घाला, शंभर मिळवा’ छापाचे आकडे सापडतात, ते दाखवू का? असं प्रपोजल कोणी पास करून घेतलंय का?

रविवारपेठ

एमडींना एक दिवस स्वतःच त्यात पाच जीआरएन करायला बसवा. संध्याकाळपर्यंत बजेट मंजूर.

हिशेबी

एक डॉलरला शंभरवाला आकडा अजिबात दाखवू नका. तो सगळीकडे फिरतो, पण कुठल्या कंपनीचा, कुठल्या वर्षाचा, हे कोणी धड सांगत नाही. मीटिंगमधल्या एकाने जरी “हे कुठून आलं?” विचारलं तरी पुढचं तुमचं खरं बोलणंही पातळ होतं.

मी फायनान्समध्ये आहे, अशी प्रपोजलं टेबलाच्या पलीकडून बघतो. ‘सपोर्टचे कॉल कमी होतील’ हे पहिलं कारण सगळेच आणतात. आकड्यात बघू. समजा जीआरएनवरून महिन्याला ३०० कॉल येतात, प्रत्येकी २० मिनिटं. म्हणजे १०० तास. तासाला ४०० रुपये धरा, महिन्याचे ४० हजार, वर्षाचे ४ लाख ८० हजार. त्यातले निम्मे कॉल कमी झाले तर २ लाख ४० हजार. तुम्ही मागताय सहा लाख. वर नाक खुपसणारा माझ्यासारखा कोणी म्हणेलच, “सपोर्टची पोरं पगारावरच आहेत, कॉल कमी झाले म्हणून पगार कमी होणार आहे का?” आणि ते बरोबर आहे. माणूस दुसऱ्या कामाला लागला किंवा नवी भरती टळली, तरच ती बचत. नाहीतर ती फक्त एक्सेलमध्ये.

खरा पैसा इम्प्लिमेंटेशनमध्ये (ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवून चालू करण्यात) असतो. तुमचे ट्रेनर ग्राहकाकडे किती दिवस बसतात? समजा एका ग्राहकाला १२ दिवस लागतात आणि ते ८ वर आले. वर्षाला १५ ग्राहक असतील तर ६० दिवस मोकळे. तेवढ्यात तीच टीम आणखी सात ग्राहक उभे करते. शिवाय शेवटचा हप्ता गो-लाइव्हच्या (सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आल्याच्या) सहीवर असतो ना? ती सही स्टोअर आणि डिस्पॅचवाले “आम्हाला जमतंय” म्हणेपर्यंत होत नाही. अडकलेले हप्ते किती, किती दिवसांपासून, ही यादी अकाउंट्सकडून काढा. मालक लोकांना टक्केवारी ऐकू येत नाही, थकबाकी लगेच ऐकू येते.

टाकटिकी

हिशेबींशी सहमत. मी डिझायनर आहे, खराडीत. आमच्या जमातीची खोड अशी की वापरणाऱ्याचे हाल सांगत बसायचं आणि पैशाचं बोलायला लाजायचं.

बाहेरची उदाहरणं दोन-तीनच ठेवा, पण अशी की खोदून विचारलं तरी टिकतील.

एक, सिटीबँक, ऑगस्ट २०२०. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावर सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं, गेले जवळपास ९० कोटी डॉलर. मुद्दल बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवायची तर त्या स्क्रीनवर तीन ठिकाणी खूण करून खातं भरावं लागत होतं. एकाच ठिकाणी केली. तिघांनी बघून मंजूर केलं, तिघांनाही वाटलं बरोबर आहे. सुमारे ५० कोटी डॉलर सावकारांनी परत दिले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने बँकेच्या विरुद्ध निकाल दिला, तो सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात फिरला. सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब, आता ओरॅकलचं, पण मूळचं आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्सचं, आणि ती कंपनी सिटीच्याच पोटातून निघालेली. तुमच्या एमडींना या उदाहरणातला मुद्दा नीट सांगा: मेकर-चेकर (एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं) लावला की काम झालं असं नाही. स्क्रीनच फसवा असेल तर चेकरही तेच चुकीचं वाचतो.

दोन, मला सगळ्यात आवडणारं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नायनेक्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीला ऑपरेटरांसाठी नवीन वर्कस्टेशन घ्यायची होती. दिसायला जुन्यापेक्षा सरस, विकणारा म्हणत होता कॉल लवकर उरकतील. संशोधकांनी एकेक की, एकेक नजर मोजून मॉडेल बांधलं. उत्तर आलं की नवीन वर्कस्टेशनवर कॉल उलट साधारण ३ टक्के जास्त वेळ घेईल. प्रत्यक्ष चाचणीत तसंच निघालं. तिथे एका कॉलमागे एक सेकंद म्हणजे वर्षाला ३० लाख डॉलर असा हिशेब होता. खरेदी रद्द झाली. तुमचे स्टोअरवाले हेच करतात, तीच कृती दिवसभर पुन्हा पुन्हा, त्यामुळे हे उदाहरण वेबसाइटवाल्या उदाहरणांपेक्षा तुम्हाला जवळचं.

‘तीस कोटी डॉलरचं बटण’ही सापडेल. खरेदीच्या आधी ‘रजिस्टर’ करायची सक्ती काढून तिथे ‘पुढे चला’ ठेवलं, खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. जेरेड स्पूल यांनी लिहिलेलं प्रसिद्ध आहे. पण ते ऑनलाइन दुकान. तुमचा ग्राहक कार्टमध्ये वस्तू भरून खरेदी अर्धवट सोडून जात नाही, त्याने आधीच पैसे भरलेत आणि तो अडकलाय. त्यामुळे वगळा.

पर्वतीपायथा

हवाईचं क्षेपणास्त्राचं पण घाला की. जानेवारी २०१८, चुकीचा मेनू निवडला आणि अख्ख्या राज्याला हल्ल्याचा इशारा गेला, ३८ मिनिटांनी मागे घेतला.

टाकटिकी

@पर्वतीपायथा, ते टाळलेलंच बरं. नंतरच्या चौकशीत निघालं की ज्याने बटण दाबलं त्याला सराव चालू आहे हे कळलंच नव्हतं, त्याला हल्ला खराच वाटला होता. इशारा मागे घ्यायची सोय नव्हती हा दोष आहेच, पण ‘मेनूमुळे चूक झाली’ म्हणून सांगाल आणि समोरच्याने वाचलेलं असेल तर फजिती.

चाकणकर

मी पलीकडच्या बाजूचा. एका प्रेस शॉपमध्ये ईडीपी (कॉम्प्युटरचं काम) आणि स्टोअर दोन्ही सांभाळतो, तुमच्यासारख्यांचं सॉफ्टवेअर विकत घेणारा.

ताई, आमच्याकडे काय होतं ते सांगतो. स्क्रीन त्रास देतो म्हणून पोरं आधी रजिस्टरमध्ये लिहितात, मग एक्सेलमध्ये, आणि संध्याकाळी वेळ मिळाला तर ईआरपीत. दुपारी तीनला सिस्टिमचा स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक यांचा काही संबंध नसतो. प्रॉडक्शनवाला सिस्टिमवर विश्वास ठेवून शेड्यूल लावतो आणि मटेरियल नसतं. डबल जीआरएनवरून बिल दोनदा बुक झालं तर जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवरचं खरेदीचं स्टेटमेंट) शी जुळवताना सीए ओरडतो. मग एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) वेळी आमचे मालक मला विचारतात, “सगळं एक्सेलमध्येच करतोस तर यांना पैसे कशाला द्यायचे?” माझ्याकडे उत्तर नसतं.

आणि आम्ही तुमच्याकडे तक्रार करत नाही. दोन-तीनदा करून बघतो, “ते तसंच आहे” ऐकतो, गप्प बसतो. म्हणजे तुमच्या कॉल रजिस्टरमध्ये जो ग्राहक शांत दिसतो तो कदाचित सुटायच्या बेतात आहे. एएमसी न भरलेल्यांची यादी काढा आणि त्यांच्याकडे रोज किती जण लॉगिन करतात ते बघा. वर हिशेबींनी कॉलचा हिशेब दिला तो ठीक, पण हा त्याच्यामागे दडलेला हिशेब आहे.

निवांत_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार, हे सोन्यासारखं आहे. एक अडचण. आमच्याकडे ट्रेनिंग दिवसावर बिल होतं. म्हणजे ट्रेनिंगचे दिवस कमी झाले तर आमचंच उत्पन्न कमी! सर्व्हिस हेड या एका कारणावर विरोध करतील.

हिशेबी

मग हाच मीटिंगमधला खरा विरोध आहे, रंगरंगोटी वगैरे वरवरचं. तो तुम्हीच आधी बोलून दाखवा. दोन प्रश्न विचारा. बिल झालेल्या ट्रेनिंगच्या दिवसांचे पैसे पूर्ण वसूल होतात का, की “तुमचंच सॉफ्टवेअर अवघड, त्याचे पैसे आम्ही का द्यायचे” म्हणून शेवटी सूट द्यावी लागते? आणि ट्रेनर नाही म्हणून किती ऑर्डरींची तारीख पुढे ढकलली? ऑर्डरी रांगेत असतील तर ट्रेनरचा दिवस स्वस्त नाही. रांगच नसेल, सगळं बिल वसूल होत असेल, तर मात्र सर्व्हिस हेडचं म्हणणं खरं आहे, आणि तुमची केस फक्त एएमसी टिकवण्यावर उभी करावी लागेल. चाकणकरांनी दिलेली यादी तिथे लागेल.

टाकटिकी

अजून एक. सहा लाख एकदम मागू नका. फक्त जीआरएनचा स्क्रीन घ्या आणि चाचणीपुरतेच पैसे मागा. पाच स्टोअरकीपर, प्रत्येकी अर्धा तास, खरं चलन समोर, तुम्ही गप्प बसून बघायचं. युजेबिलिटीतले तज्ज्ञ जेकब निल्सन यांचं ‘पाच जणांत ८५ टक्के अडचणी सापडतात’ हे वाक्य ऐकलं असेल. ते एक वापरणारा सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असं धरून काढलेलं गणित आहे, आणि ते एकाच प्रकारच्या माणसांना लागू. स्टोअरचे पाच आणि अकाउंट्सचे पाच वेगळे. शिवाय पाच जणांवरून ‘सरासरी वेळ इतका’ असं छातीठोक सांगू नका. अडचणी शोधायला पाच पुरतात, मोजमापाला नाही.

मोजायचं तर सिस्टिमच्या लॉगमधून घ्या: जीआरएन उघडल्यापासून सेव्ह होईपर्यंतचा वेळ, रद्द केलेले जीआरएन, दोनदा झालेले. आधीचा महिना आणि नंतरचा महिना. समाधान विचारायचं असेल तर जॉन ब्रूक यांची दहा प्रश्नांची एसयूएस (वापरायला किती सोपं वाटतं ते विचारणारी) प्रश्नावली मराठीत करून घ्या. सरासरी १०० पैकी ६८ च्या आसपास धरतात, तुमचा आकडा किती येतो ते कळेल. पण एमडींना तो दाखवायची घाई नको, दुप्पट झालेल्या जीआरएनची संख्या त्यांना जास्त कळेल.

आणि स्लाइड कमी, व्हिडिओ एक. तळहातावर नंबर लिहिणारे दादा मिनिटभर दाखवा.

निवांत_कोथरूड

व्हिडिओची कल्पना मस्त. पण कारखान्यात शूटिंग करू देतील का? आणि दादांना वाटेल की आम्ही त्यांची परीक्षा घेतोय.

चाकणकर

मोबाइल गेटवरच जमा करतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. त्यामुळे फक्त स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचा लॅपटॉप न्या, आणि आधी प्लांट हेडची ईमेलवर परवानगी घ्या, “फक्त आमच्या सॉफ्टवेअरचा स्क्रीन, ड्रॉइंग किंवा रेट दिसणार नाहीत” असं स्पष्ट लिहून. रेटचा कॉलम तुमच्याकडे लपवता येत असेल तर लपवूनच जा.

महिनाअखेर आणि पहिली दोन-तीन तारीख टाळा, स्टॉक टेकिंग आणि बिलिंगची धावपळ असते. फर्स्ट शिफ्टला दहानंतर या, सकाळच्या गाड्या उतरून झालेल्या असतात. स्टोअरवाल्यांसमोर त्यांच्या साहेबाला उभं राहू देऊ नका, नाहीतर कोणीही “सगळं छान चाललंय” सोडून दुसरं बोलणार नाही. आणि जाताना सांगा की चिठ्ठी ज्याने चिकटवली तो बरोबर आहे, तुमचा स्क्रीन चुकलाय. मग बघा किती बोलतात.