मदत हवी आहे: फोल्डर कॉम्प्रेस करून मूळ फाइल पुसणारी स्क्रिप्ट भरवशाची कशी करावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. हस्तलिखित वह्यांची पाने स्कॅन करून जपून ठेवण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. प्रत्येक वहीचे एक फोल्डर असते आणि त्यात पानागणिक एक टिफ फाइल व नोंदींची एक साधी मजकूर फाइल असते. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केले, की कोणतेही कॉम्प्रेशन नसलेली टिफ सुमारे २६ एमबीची होते. दोनशे पानांची वही त्यामुळे पाच जीबीच्या वर जाते आणि डिस्क पाहता पाहता भरते. जेपेग करून जागा वाचवता येईल, याची मला कल्पना आहे. परंतु पुसट शाईच्या कडा त्यात खराब होतात, आणि ज्या कामासाठी हे सर्व चालले आहे त्यातली मुख्य गोष्टच ती शाई आहे. म्हणून मूळ बिट जसेच्या तसे परत मिळतील, असेच कॉम्प्रेशन मला हवे आहे.

हे काम हाताने करण्याचा कंटाळा येऊ लागल्यावर मी लिनक्सवर बॅशची (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) रोज रात्री चालते. तीस दिवसांत हात न लागलेली फोल्डरे ‘फाइंड’ने शोधायची, प्रत्येक फोल्डर ‘टार’ने एका फाइलीत एकत्र करून पाइपमधून (एका आज्ञेचे फलित थेट पुढच्या आज्ञेला देणाऱ्या जोडणीतून) कॉम्प्रेस करणाऱ्या ‘जीझिप’कडे द्यायचे, आणि ही आज्ञा यशस्वी झाली तरच ‘आरएम’ने मूळ फोल्डर पुसायचे, इतकाच तिचा गाभा आहे. ‘यशस्वी झाली तरच’ ही अट मी दोन अँपरसँड लावून घातली होती आणि तेवढ्यावर निर्धास्त होते.

मागच्या आठवड्यात एका वहीतील काही पाने पुन्हा पाहण्याची वेळ आली. फाइल उलगडली, ती कोणतीही तक्रार न करता उलगडली. पण आत २०३ पाने निघाली. माझ्या नोंदवहीत त्या वहीची २१४ पाने आहेत. फाइल अर्धवट लिहिली गेली असेल असे वाटून मी ‘जीझिप’ची चाचणी चालवली, तर तिने फाइल निर्दोष असल्याचे सांगितले. मग पानांचे क्रमांक जुळवून पाहिले. गहाळ पाने शेवटची नव्हती. ४१ ते ४७ आणि १६० ते १६३ अशी ती मधलीच होती, आणि ही सर्व पाने मी पुन्हा स्कॅन केलेली होती, कारण पहिल्या वेळी ती तिरकी आली होती. पुन्हा स्कॅन करताना मी दुसरे सॉफ्टवेअर वापरले होते आणि ते संगणकावर वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. संबंध असावा असे वाटते, पण नेमका कोणता, ते मला उलगडत नाही. जर स्क्रिप्टला त्या फाइल वाचता आल्या नाहीत, तर तिला त्या पुसता कशा आल्या?

सुदैवाने त्यातली नऊ पाने बाहेरच्या डिस्कवरील जुन्या प्रतीत सापडली. उरलेल्या दोन पानांसाठी मूळ वही पुन्हा मागवावी लागणार आहे, आणि ती वही इतकी जीर्ण झाली आहे, की तिला आणखी एकदा प्रकाशाखाली उघडणे मला अजिबात नको होते.

यानंतर मी ‘टार’चा पडताळणीचा पर्याय लावून पाहिला, पण कॉम्प्रेस केलेल्या फाइलची पडताळणी करता येत नाही, असे सांगून त्याने नकार दिला. स्क्रिप्ट तूर्त बंद ठेवली आहे. जाणकारांना माझी विनंती अशी, की कोणते कॉम्प्रेशन किती जागा वाचवते यापेक्षा, मूळ फाइल पुसण्याआधी स्क्रिप्टने नेमके काय तपासले पाहिजे, हे मला समजावून सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपली अडचण नेमकी मांडली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. दोन स्वतंत्र गोष्टी एकाच रात्री एकत्र आल्या आहेत.

पहिली गोष्ट पाइपची. पाइपने जोडलेल्या आज्ञांच्या साखळीचा एक्झिट कोड (आज्ञा यशस्वी झाली तर शून्य, नाहीतर दुसरा आकडा) बॅश शेवटच्या आज्ञेवरून ठरवते. ‘टार’ला अकरा फाइल वाचता आल्या नाहीत, त्याने तसे कळवले आणि तो २ हा कोड देऊन थांबला, पण त्याच्यापुढच्या ‘जीझिप’ला जेवढा मजकूर मिळाला तेवढा त्याने व्यवस्थित कॉम्प्रेस केला आणि शून्य हा कोड दिला. आपल्या अँपरसँडने फक्त हे शून्य पाहिले. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट’च्या आज्ञेने ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केला, तर साखळीतील कोणतीही कडी अपयशी ठरली तरी पूर्ण साखळी अपयशी मानली जाते. ‘टार’ने वाचण्याबाबत जी तक्रार केली असेल ती क्रॉनने कुठेतरी पाठवली असणार किंवा आपणच ती ‘देव्ह-नल’कडे (आलेला मजकूर फेकून देणाऱ्या जागेकडे) वळवली असणार, कृपया तेही तपासावे.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि आपला मूळ प्रश्न तिथेच आहे. युनिक्सच्या पद्धतीत फाइल वाचण्याची परवानगी त्या फाइलवर असते, पण फाइल पुसण्याची परवानगी ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर असते, कारण पुसणे म्हणजे फोल्डराच्या यादीतून एक नाव काढून टाकणे. फोल्डर आपले होते, म्हणून यादीत फेरफार करण्याचा अधिकार आपला होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या फाइल फक्त त्याच्या वापरकर्त्यालाच वाचता येतील अशा ठेवल्या गेल्या होत्या. त्यामुळे ज्या पानांत आपल्या स्क्रिप्टला डोकावताही येत नव्हते, ती पाने तिला बिनदिक्कत पुसता आली.

‘जीझिप’ची चाचणी का फसली, हेही यावरून कळेल. जीझिप फाइलच्या शेवटी आठ बाइट असतात. त्यांत चार सीआरसीचे (मजकूर बिघडला का, हे ओळखणाऱ्या आकड्याचे) आणि चार मूळ आकाराचे. ‘जे आत घातले ते बाहेर जसेच्या तसे येते का’ एवढेच चाचणी त्यावरून सांगते. जे आत घातलेच नाही त्याबद्दल ती काही बोलू शकत नाही. आपली फाइल खरोखरच निर्दोष होती, फक्त अकरा पानांनी लहान होती. ‘टार’चा तुलना करणारा पर्यायही इथे उपयोगी पडला नसता, कारण तो टार फाइलमधील नोंदींची डिस्कशी तुलना करतो, डिस्कवर असलेल्या पण टारमध्ये नसलेल्या फाइलकडे तो पाहत नाही.

म्हणून पडताळणीचा आधार कॉम्प्रेस केलेली फाइल नसून मूळ फोल्डर असला पाहिजे. मी स्वतः असे करतो: काहीही कॉम्प्रेस करण्याआधी ‘फाइंड’ने फोल्डरातील प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (मजकुरावरून काढलेला, फाइलची ओळख पटवणारा आकडा) काढून त्याची यादी बाजूला ठेवतो. मग कॉम्प्रेस करताना नाव तात्पुरते, शेवटी ‘अपूर्ण’ जोडलेले देतो. ते झाल्यावर ती फाइल रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो आणि यादीतला प्रत्येक चेकसम तिथे जुळतो का, हे तपासतो. सगळे जुळले तरच नावातून ‘अपूर्ण’ काढतो. एकाच फाइलसिस्टममध्ये नाव बदलणे ही एकसंध (पूर्ण होणारी किंवा अजिबात न होणारी) क्रिया असल्यामुळे, पूर्ण नाव धारण करणारी प्रत्येक फाइल तपासलेलीच आहे असे खात्रीने म्हणता येते. उलगडण्यासाठी जागा आणि वेळ दोन्ही लागतात, हे खरे. पण आपल्या वह्यांचे मोल पाहता तेवढा खर्च सोसावा असे मला वाटते.

इथे एक बारकावा आहे. चेकसम काढताना ‘फाइंड’च्या ‘एक्झेक’ पर्यायाच्या शेवटी अर्धविराम न लावता अधिक चिन्ह लावावे. अर्धविराम लावला तर आतली आज्ञा फसली तरी ‘फाइंड’ स्वतः शून्य कोड देते. अधिक चिन्ह लावले तर आतले अपयश बाहेर कळते. आपल्या बाबतीत केवळ एवढ्यानेच स्क्रिप्ट पहिल्या पायरीवर थांबली असती.

मूळ फोल्डर लगेच पुसू नये. ‘हटवायचे’ नावाच्या फोल्डरात ते हलवावे आणि तीस दिवसांनंतर दुसऱ्या स्क्रिप्टने पुसावे.

कॉम्प्रेशनबद्दल थोडक्यात: ‘जीझिप’ १९९२ सालचे आहे आणि त्यातले डिफ्लेट तंत्र मागच्या फक्त ३२ केबी मजकुरात पुनरावृत्ती शोधते. २०१६ साली खुले झालेले ‘झेडस्टँडर्ड’ याहून बरेच वेगवान आहे आणि प्रोसेसरचे सर्व कोअर वापरू शकते. जागा हाच प्रश्न असेल आणि रात्र हाताशी असेल, तर ‘एक्सझेड’ सहसा आणखी लहान फाइल देते. मात्र लक्षात ठेवावे, की ‘जीझिप’ आणि ‘एक्सझेड’ एकेका फाइलवर थेट चालवले तर काम झाल्यावर मूळ फाइल आपणहून काढून टाकतात. ‘झेडस्टँडर्ड’ सांगितल्याशिवाय तसे करीत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु ‘तीस दिवसांनंतर पुसावे’ या वाक्यात एक खड्डा आहे, तो दाखवणे मला आवश्यक वाटते. फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली, तरी तिची बदलाची वेळ तीच राहते. आपल्या फाइल आधीच तीस दिवसांहून जुन्या आहेत, म्हणूनच तर स्क्रिप्टने त्या निवडल्या. दुसरी स्क्रिप्ट जर ‘एमटाइम’ (हीच बदलाची वेळ) पाहून पुसत असेल, तर तिला त्या पहिल्याच रात्री जुन्या दिसतील आणि तीस दिवसांची मुदत कागदावरच राहील. हलवताना फोल्डराच्या नावात त्या दिवसाची तारीख लिहावी आणि पुसणाऱ्या स्क्रिप्टने फक्त नावातली तारीख वाचावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वाचण्याचा आणि पुसण्याचा अधिकार वेगवेगळ्या ठिकाणी असतो, हे मला खरोखर ठाऊक नव्हते, आणि ते कळल्यावर त्या रात्री काय घडले असेल, ते डोळ्यांसमोर उभे राहिले. एमटाइमचा खड्डा दाखवला नसता, तर मी त्यात नक्की पडले असते, कारण मी अगदी तशीच ओळ लिहून ठेवली होती.

सुचवल्याप्रमाणे स्क्रिप्ट नव्याने लिहिली. दोन ठिकाणी अडले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून नोंदवते. तारखेची आज्ञा मी क्रॉनच्या तक्त्यातच लिहिली होती. टर्मिनलवर ती चालत होती, क्रॉनमध्ये मात्र अर्धीच ओळ चालत होती. क्रॉनच्या तक्त्यात टक्केचिन्ह म्हणजे ओळ संपल्याची खूण असते, आणि तारखेच्या साच्यात टक्केचिन्हेच असतात. त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मी ती आज्ञा सरळ स्क्रिप्टमध्ये हलवली.

दुसरी अडचण नावांची. माझ्या फोल्डरांची नावे मराठीत आणि बरीच लांब आहेत. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टममध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट असतात. एकूण पंच्याऐंशी चिन्हांतच नाव संपते. माझे एक फोल्डर त्या मर्यादेच्या इतके जवळ होते, की त्याला ‘अपूर्ण’ जोडताच नाव फार लांब असल्याची एरर आली. ‘अपूर्ण’ हा शब्दही सहा चिन्हांचा, म्हणजे अठरा बाइटचा आहे. आता तात्पुरत्या नावासाठी मी फक्त एक टिंब आणि आकडा वापरते.

स्क्रिप्ट पुन्हा चालू करण्यापूर्वी एक चाचणी घेतली. तीन पानांचे खोटे फोल्डर केले, मधल्या पानाची मालकी दुसऱ्या वापरकर्त्याकडे दिली आणि वाचण्याची परवानगी काढून घेतली. चेकसमच्या पायरीवर स्क्रिप्ट थांबली, त्या पानाचे नाव नोंदीत लिहिले आणि फोल्डर जागचे हलले नाही. मग परवानगी परत दिली, तेव्हा ते फोल्डर कॉम्प्रेस झाले, तपासले गेले आणि तारखेसह ‘हटवायचे’मध्ये गेले. क्रॉनची नोंद ‘देव्ह-नल’कडे वळवणारी ओळ मी काढून टाकली आहे, आता ती नोंद एका फाइलमध्ये जमते आणि रोज सकाळी मी ती वाचते.

एक शंका अजून उरली आहे. कॉम्प्रेस चालू असतानाच मी त्याच फोल्डरात नवे पान टाकले, तर ते यादीतही नसेल आणि कदाचित टारमध्येही नसेल, पण हलवताना मात्र मूळ फोल्डरासोबत जाईल.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शंका रास्त आहे. क्रम बदलावा: फोल्डर आधीच दुसऱ्या ठिकाणी हलवावे आणि मगच यादी व कॉम्प्रेशन सुरू करावे, म्हणजे जुन्या जागी काही टाकू गेल्यास ते फोल्डर तिथे सापडणारच नाही. एखादे सॉफ्टवेअर आधीपासून त्यातली फाइल उघडून बसले असेल, तर हलवल्यानंतरही ते तीत लिहू शकते. म्हणून शेवटी मूळ फोल्डराची यादी पुन्हा एकदा काढून ती पहिलीशी जुळवावी. आणि पहिली फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊ नये यासाठी स्क्रिप्टला ‘एफलॉक’ (एका वेळी एकच फेरी चालू देणारे कुलूप) लावावे. पाच जीबीची एक वही उलगडून तपासायला किती वेळ लागतो, ते एकदा मोजून पाहावे; एका रात्रीत जितक्या वह्या आटोपतील तितक्याच निवडण्याची मर्यादा त्यावरून ठरवता येईल.