अनुभव धागा: वर्दी अर्धवेळ, संसार पूर्णवेळ

करवीरची कारभारीण

आमच्या घरात दोन पगार आहेत, पण एका महिन्यात दोन्ही कधीच येत नाहीत. नवरा टीएत, म्हणजे प्रादेशिक सेनेत जवान. पलटणीने एम्बॉडी केलं, म्हणजे सेवेवर बोलावून घेतलं, की पगार, भत्ते, रजा सगळं नियमित जवानासारखं. डिसएम्बॉडी करून घरी पाठवलं की तो पगार थांबतो आणि हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या हजेरीवर उभे. आणखी एक मेख म्हणजे पेन्शनला लागणारी 15 वर्षं फक्त एम्बॉडी काळातून मोजतात. घरी बसलेले महिने त्यात धरत नाहीत, म्हणून मी त्यांच्या सेवेची वेगळी वही ठेवली आहे.

लग्न होऊन फार दिवस झाले नाहीत आणि आता बाळ येणार आहे. सासरे म्हणतात, टीए सोड आणि एमआयडीसीतच पर्मनंटचं बघ. यांचं मन पलटणीत.

सल्ला नको, तो गल्लीत भरपूर मिळतो. तुमच्या घरात काय झालं ते आकड्यांसकट लिहा. टीए, निवृत्त, रिझर्व्हवर असलेले, परदेशातले, सगळे चालतील. फक्त कुणाची पलटण सध्या कुठे आहे ते कृपया लिहू नका.

माणदेशी हवालदार

वहिनी, मी नियमित फौजेतून सतरा वर्षांनी हवालदार म्हणून बाहेर पडलो. पुढची दोन वर्षं रिझर्व्हवर होतो, म्हणजे बोलावलं तर जायचं. बोलावलं नाही. सदतिसाव्या वर्षी पेन्शनर म्हणवून घ्यायला लाज वाटायची. गावात लोक विचारायचे, आता काय, आराम? आराम कसला, मुलगी पहिलीत होती.

आकडे मागितलेत म्हणून लिहितो. बेसिक 39,200, त्यावर एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) 5,200, बेरीज 44,400. त्याचं निम्मं 22,200 ही पेन्शन, वर महागाई. त्यातली निम्मी विकता येते, त्याला कम्युटेशन म्हणतात. मी विकली. दरमहा 11,100 सोडले आणि हातात 12 लाखांच्या आसपास आले. ते 11,100 पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतात. महागाई भत्ता मात्र पूर्ण 22,200 वरच मिळत राहतो, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. पंधरा वर्षांत सोडलेली रक्कम 20 लाखांच्या जवळ जाते, तेव्हा हे स्वस्तातलं कर्जच झालं म्हणा. घर बांधायचं असेल तर ठीक. गाडी घ्यायला विकू नका. आमच्या गावात दारात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्यांपैकी किती कम्युटेशनच्या आहेत ते मोजलं तर हसू येईल.

नोकरीचं सांगतो. सरकारी बँकेच्या क्लार्कभरतीत माजी सैनिकांना 14.5 टक्के जागा असतात. मी दहावी पास. पंधरा वर्षं सेवा झाली की फौजेचं पदवीसमकक्ष सर्टिफिकेट मिळतं, ते अशा भरतीला चालतं. डिस्चार्जच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, त्यामुळे पलटणीतच रात्री गणिताचं पुस्तक उघडायचो. पोरं चेष्टा करायची, "उस्ताद, दस का पहाड़ा सुनाओ."

ज्यांनी चार ठिकाणी अर्ज केलेत त्यांनी हे ऐकाच. केंद्राच्या नियमात माजी सैनिकाच्या राखीव जागेवर एकदा रुजू झालात की पुढच्या नोकरीसाठी ते आरक्षण संपतं. पण रुजू होतानाच बाकी कुठे कुठे अर्ज केलेत ते लेखी दिलं, तर त्या अर्जांपुरता हक्क राहतो. मी लिहून दिलं होतं. माझ्याबरोबर रुजू झालेल्या एकाला हे कुणी सांगितलंच नाही, त्याची पुढची चांगली पोस्ट गेली.

आणि आयकर. पेन्शन देणारे पेन्शनपुरता हिशेब करतात, बँक पगारापुरता. दोघांच्या मते कर शून्य. बेरीज केली की कर निघायचा आणि व्याजासकट भरावा लागायचा. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही म्हणून आमच्यासारख्यांची यातून सुटका झाली आहे, पण विवरणात दोन्ही मिळकती दाखवाव्याच लागतात. स्टँडर्ड डिडक्शन मात्र एकदाच.

नगरची, आता नाशिकची

मी माजी सैनिकाची दुसरी बायको. त्यांची पहिली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, माझंही आधीचं लग्न मोडलेलं. कोर्टात सही केली, घरी पुरणपोळी झाली, संपलं. मला वाटलं, लग्न झालं म्हणजे मी त्यांची बायको झाले. फौजेच्या कागदावर अजून व्हायची होते.

सेवेत असताना लग्न, मूल, मृत्यू काहीही झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, निघते. रिटायर झाल्यावर हेच काम अर्ज करून रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यायचं. ते ज्याच्या त्याच्या रेजिमेंटचं असतं: मराठाचं बेळगाव, महारचं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मधला दुवा. आधी पहिल्या पत्नीचा मृत्यू दाखला, मग आमचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांचा एकत्र फोटो, माझं आधार, पॅन, दोघांचं जॉइंट खातं. सगळं दिलं आणि परत आलं, कारण शाळेच्या दाखल्यावर माझं नाव "सुनीता", आधारवर "सुनिता". पहिली वेलांटी दुसरी वेलांटी! (नाव बदलून लिहिलंय, वेलांटीचा घोळ खरा.) शेवटी राजपत्रात नाव छापून घेतलं आणि तो कागद जोडला.

इतकी घाई का, असं सासूबाई विचारायच्या. घाई अशी, की उद्या यांचं काही झालं तर फॅमिली पेन्शन मिळते ती पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नाव असणारीला. निवृत्तीनंतर लग्न केलेल्या बायकोलाही तो हक्क आहे, पण नाव चढलेलं नसेल तर हेच सगळं विधवेने एकटीने करायचं. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही नाव चढल्यावरच. त्याआधी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन पदरच्या पैशाने करावं लागलं.

करवीरच्या ताई, बाळाचं नाव ठरवाल तेव्हा जन्मदाखला, आधार आणि पार्ट टू ऑर्डर, तिन्हीकडे एकच स्पेलिंग घाला. यांच्या पलटणीतल्या एकाने मुलाचं नाव हौसेने "एए" घालून लिहिलं, दाखल्यावर एकच "ए" आला. ते पोरगं आता कॉलेजात आहे, पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या अर्जाला बाप अजून प्रतिज्ञापत्रं करतोय. मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 मिळतात, एका "ए"साठी सोडायची रक्कम नाही.

शनिवारचा कॅप्टन

पुण्यात आयटीत आहे आणि टीएत अधिकारी. आमच्यात अट उलटी आहे: पोटापाण्याची स्वतंत्र सोय असेल तरच टीएत घेतात. लेखी परीक्षा, मुलाखत, मग एसएसबी (फौजेच्या निवड मंडळाच्या चाचण्या), मेडिकल. कमिशननंतर देवळालीला प्रशिक्षण झालं आणि दर वर्षी दोन महिन्यांचा कॅम्प.

1948 च्या टीए कायद्याचं कलम 7ए म्हणतं, सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यायचं. माझ्या तेव्हाच्या कंपनीतल्या एचआरने हे कलम पहिल्यांदा माझ्याच लॅपटॉपवर वाचलं. तिने विचारलं, "म्हणजे एनसीसीसारखं का?" मी हो म्हणालो, वाद कशाला. नोकरी राहिली. प्रमोशनच्या यादीतून नाव गळलं, आणि प्रमोशनबद्दल सहज बोट ठेवता येईल असं त्या कलमात काही दिसलं नाही. वर्षभराने मी कंपनी बदलली. नव्या ठिकाणी ऑफर लेटरवर सही करायच्या आधी कॅम्पचे महिने लेखी मान्य करून घेतले. पगार थोडा कमी घेतला, ते परवडलं.

कॅम्पमध्ये लेफ्टनंटचं बेसिक 56,100 आणि 15,500 एमएसपी, वर भत्ते. आयटीच्या पगारापेक्षा कमीच. त्यात कंपनी बिनपगारी रजा लावते तेव्हा तेवढे महिने पीएफही जात नाही. मुलगी झाली त्या वर्षी आम्ही घराचा हप्ता, विमा आणि पाळणाघर एवढ्यांची बेरीज करून कॅम्पच्या काळातली तूट आधीच वेगळ्या खात्यात टाकली. बायकोचं म्हणणं, तुझा देश माझ्या दिवाळी बोनसवर चालतो. तिच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही, बोनस तिचाच होता.

माणदेशी हवालदार

साहेब, जय हिंद. एचआरला एनसीसी सांगितलंत हे वाचून चहा सांडला.

आई, सिंगापूर

इथे ही गोष्ट घरोघरी आहे. आम्ही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, म्हणून आलो, त्यामुळे नवऱ्याला माफी होती, पण दुसऱ्या पिढीच्या मुलांना नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची सेवा, चुकत नाही. मुलाने दोन वर्षं पूर्ण केली आणि तेव्हापासून तो रिझर्व्हिस्ट. वर्षाला जास्तीत जास्त 40 दिवस बोलावू शकतात, असं दहा वर्षांचं चक्र.

पैशाची व्यवस्था वाचून तुम्हाला हेवा वाटेल. बोलावलेल्या दिवसांचा मुलकी पगार बुडत नाही, फरक सरकार भरून देतं. त्याला मेक-अप पे म्हणतात. स्वतःचा धंदा असला तरी आयकराच्या कागदावरून मागता येतो. शारीरिक चाचणीत सुवर्ण मिळालं तर 500 डॉलर, रौप्यला 300. आमच्या सूनबाईने त्याला पोळ्या मोजून वाढायला सुरुवात केली ती त्या 500 साठी. आणि करात सूट त्याला एकट्याला नाही, बायकोला आणि आई-वडिलांनाही 750 डॉलरची मिळते. विवरण भरताना दरवर्षी मला गंमत वाटते: पळतो तो, सवलत मला.

पैसा सुटला तरी वेळ सुटत नाही. नातू तीन आठवड्यांचा असताना कॅम्प आला. पुढे ढकलायचा अर्ज केला, तो मंजूर झाला. पण त्याची टीम ज्या प्रोजेक्टवर होती त्यावर नंतरच्या वर्षी तो नव्हता. कुणी काही बोललं नाही. मालकाने यावरून नोकरीवरून काढणं इथे गुन्हा आहे, प्रोजेक्टवर न घेणं नाही. कॅप्टनसाहेबांचं वाचून वाटलं, समुद्र ओलांडला तरी बॉस तोच.

धाकट्याची ताई, बीड

भाऊ अग्निवीर. चार वर्षांनी सुमारे 11.71 लाख सेवानिधी मिळेल, पेन्शन नाही, आणि शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीसना कायम करतील. पहिल्या वर्षी 30,000 पैकी हातात 21,000 येतात, बाकीचे निधीत. वडिलांनी सेवानिधीवर डोळा ठेवून विहिरीचं आणि माझ्या लग्नाचं गणित मांडायला घेतलं होतं. मी भावाला स्पष्ट सांगितलं, ते पैसे तुझ्या पुढच्या शिक्षणाचे, माझ्या लग्नाला एक रुपया नको. घरात आठ दिवस अबोला. आता वडील विहिरीवर आले आहेत, लग्न गणितातून गेलं. तेवीस वर्षांच्या पोराला माजी म्हणायचं हे मला अजून पचत नाही, पण तो स्वतः मजेत आहे आणि पोलीस भरतीची पुस्तकं मागवतोय.

करवीरची कारभारीण

सगळ्यांचं वाचते आहे. नाशिकच्या ताई, पार्ट टू ऑर्डरचं यांना आजच फोनवर विचारलं. लग्नाची निघालेली आहे, नंबर वहीत लिहून ठेवला. एक विचारते: टीएतल्या कुणाची डिलिव्हरी एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलात) झाली आहे का? यांची एम्बॉडीची ऑर्डर दिवाळीनंतर संपते आणि तारीख त्याच्या पुढची आहे.

गडहिंग्लजची

माझी झाली, बेळगावच्या एमएचला, मालक एम्बॉडी होते म्हणून. टीएत ही सोय एम्बॉडी असेपर्यंतच. दुसऱ्या वेळी ऑर्डर आधी संपली, मग गावातल्या दवाखान्यात सिझर केलं आणि बिल आम्हीच भरलं. म्हणून आतापासून दोन्हीकडे नाव घालून ठेव. एमएचचे तपासणीचे कागद बाहेरच्या डॉक्टरलाही चालतात, सोनोग्राफीच्या प्रती जवळ ठेव.

ऑर्डर वाढेल का ते मालकाला सुबेदार साहेबांकडून विचारून घ्यायला सांग, बायकांनी फोन केलेला तिथे आवडत नाही. वाढली नाही तर फाउंड्रीवाल्याला आताच सांगून ठेवा. डिसएम्बॉडी झाल्यावर आमच्या मालकाला काम लागेपर्यंत मध्ये दीड महिना गेला होता आणि किराणा उधारीवर होता. एम्बॉडी असताना दर महिन्याला पाच हजारांचं आरडी लाव, पोस्टात. आणि ते तुझ्या नावावर, त्यांच्या नको. त्यांच्या नावावर असलं की भावकीत कुणाला तरी नड निघते.