शब्दचर्चा : ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ला मराठीत काय म्हणावे? (आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द)

(तळटीप, अवग्रह, रफार, उकार आणि जोडाक्षर ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावे आहेत.)

तळटीप :
पालक आणि शिक्षकांसाठी एक चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. विषय : बालकांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाविरुद्धचे कायदे आणि तक्रारीच्या सरकारी सोयी. मूळ मसुद्यात ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ सतरा वेळा आले आहे. वर्तमानपत्रांत याला ‘बाल अश्लीलता’, ‘लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ’, ‘चाइल्ड पॉर्न’ असे काहीही लिहितात. नेमका शब्द कोणता घ्यावा? शिवाय ‘ग्रूमिंग’, ‘सेक्स्टॉर्शन’, ‘इंटरमीडियरी’ आणि ‘रिपोर्ट करणे’ हेही अडले आहेत.

अवग्रह :
आधी कायद्याची बाजू, म्हणजे शब्द निवडताना पाय जमिनीवर राहतील.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (बोलीत ‘पॉक्सो’) हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ची व्याख्या त्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली, कलम २(१)(डीए). पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स विरुद्ध एस. हरीश’ या निकालात हा शब्दच चुकीचा ठरवला. संसदेने कायद्यातला शब्द बदलावा असे सुचवले आणि सर्व न्यायालयांना आपल्या आदेशांत व निकालांत तो वापरू नका असे बजावले. त्याऐवजी ‘चाइल्ड सेक्शुअल एक्स्प्लॉयटेटिव्ह अँड अब्यूज मटेरियल’ म्हणा, असे न्यायालय म्हणते. कारण साधे आहे. पोर्नोग्राफी म्हटले की प्रौढांनी राजीखुशीने केलेले काहीतरी डोळ्यांपुढे येते. इथे प्रत्येक चित्रामागे एका बालकावर झालेला गुन्हा असतो.

म्हणून ‘बाल अश्लीलता’ बाद. ‘अश्लील’ हा शब्द पाहणाऱ्याच्या अभिरुचीबद्दल बोलतो. मुलावर काय झाले याबद्दल तो गप्प आहे. आणि ‘बाल अश्लीलता’ या समासात तर अश्लीलता बालकाची आहे असाच अर्थ लागतो!

रफार :
‘अश्लील’ बाद, हे मान्य. पण त्या लांबलचक इंग्रजी नावाचा शब्दशः अनुवाद करू नका. ‘बाल लैंगिक शोषण आणि अत्याचार सामग्री’ असे काही ठिकाणी दिसते. ही विशेषणांची उतरंड आहे. मराठीत नाते विभक्तीने सांगावे लागते.

इथे एक खरी अडचणही आहे. ‘शोषण’ला षष्ठी लागते : बालकांचे शोषण. ‘अत्याचार’ला ‘वर’ लागतो : बालकांवर अत्याचार. दोन्ही एका दोरीत बांधून ‘बालकांचे शोषण व अत्याचार’ लिहिले, की अत्याचार बालकांनीच केले असे वाचता येते. क्रम बदलला की गाठ सुटते : ‘बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे व शोषणाचे चित्रण’. पहिल्या उल्लेखात पूर्ण, पुढे नुसते ‘अत्याचाराचे चित्रण’. आद्याक्षरांचा ‘बालैअशोचि’ छाप शब्द कृपया कोणी सुचवू नये.

तळटीप :
‘चित्रण’ का? ‘साहित्य’ किंवा ‘सामग्री’ का नाही?

रफार :
‘साहित्य’ म्हटले की वाचकाला एकतर कथा-कविता आठवतात, नाहीतर स्वयंपाकाचे साहित्य. ‘सामग्री’ला हिंदी सरकारी पत्रकाचा वास आहे. ‘आशय’ फार तरल. ‘मजकूर’ म्हणजे लिहिलेले. ‘चित्रण’ छायाचित्र, चित्रफीत आणि रेखाटन तिन्हींना पुरतो, आणि त्यात कोणीतरी ते चित्रण *केले* हेही येते.

अवग्रह :
कायद्यालाही तो शोभतो. पॉक्सोच्या व्याख्येचा कणा ‘दृश्य चित्रण’ हाच आहे. छायाचित्र, चित्रफीत, खऱ्या बालकापासून वेगळे ओळखू न येणारी संगणकनिर्मित प्रतिमा, आणि बदल करून किंवा जुळवून बालक दिसेल अशी केलेली प्रतिमा, हे सगळे त्यात येते. त्यामुळे एआयने बनवलेल्या चित्रासाठी पत्रकात ‘बनावट’ हा एकटा शब्द टाळा. ‘बनावट नोट’ म्हटल्यावर ‘खरी नाही, म्हणून सोडा’ असे कोणी म्हणत नाही, पण ‘बनावट व्हिडिओ’ म्हटल्यावर नेमके तेच म्हणतात. ‘संगणकाने घडवलेले चित्रणही गुन्हाच’ असे सरळ लिहा.

फक्त एक फट राहते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधले कलम ६७ब चित्रांसोबत मजकूरही धरते. त्या कलमाबद्दल लिहाल तिथे ‘चित्रण किंवा मजकूर’ असे लिहा. शिक्षा पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड तेवढाच. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले.

उकार :
‘बालक’ या शब्दावर एक तळटीप घालाच. कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती. वाचकाला मात्र ‘बालक’ म्हटले की पाळण्यातले दिसते, मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा मुलगा दिसत नाही. ‘अल्पवयीन’ लिहिले की वय बरोबर पोचते, पण बातम्यांच्या सवयीने पुढे ‘मुलगी’ आपोआप जोडले जाते. ‘मुलांवरील अत्याचार’ काही जण ‘मुलग्यांवरील’ असे वाचतात. तेव्हा व्याख्येत ‘बालक (१८ वर्षांखालील मुलगा, मुलगी किंवा कोणीही)’ आणि पुढे सहज ओघात ‘मूल’.

त्याच कारणाने सरसकट ‘पीडिता’ नको. मुलग्यांच्या तक्रारी आधीच दडपल्या जातात, त्यात शब्दाने भर घालू नये. आणि ‘अश्लील चाळे’, ‘अतिप्रसंग’, ‘गैरकृत्य’ हे बातमीतले पडदे पत्रकात अजिबात नकोत. ‘चाळे’ तर माकडे करतात.

तळटीप :
पटले. आता ‘पझेशन’. मसुद्यात ‘जवळ ठेवणे’ केले आहे.

अवग्रह :
‘बाळगणे’ घ्या. ‘शस्त्र बाळगणे’मुळे त्यातला गुन्ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पॉक्सोच्या कलम १५ मध्ये तीन वेगळे गुन्हे आहेत. ते एकत्र करून ‘फोनमध्ये सापडले तर तुरुंग’ असे लिहिणे चूक आहे :

पहिला, असे चित्रण बाळगणे आणि पुढे पाठवण्याच्या हेतूने ते न पुसणे, नष्ट न करणे किंवा न कळवणे : किमान ५,००० रुपये दंड, पुन्हा केल्यास किमान १०,०००. दुसरा, पाठवण्यासाठी, पसरवण्यासाठी किंवा दाखवण्यासाठी बाळगणे : ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिसरा, व्यापारासाठी बाळगणे : ३ ते ५ वर्षे कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास ५ ते ७ वर्षे कैद आणि दंड.

२०२४ च्या त्या निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. फोनमध्ये उतरवून न घेता नुसते ऑनलाइन पाहिले, तरी त्यावर माणसाचे नियंत्रण असेल तर तो ताबाच. म्हणजे ‘डाउनलोड केले नव्हते’ हा बचाव पुरत नाही. शब्दशः ‘आन्वयिक ताबा’ म्हणण्यापेक्षा ‘नियंत्रणामुळे ठरणारा ताबा’ म्हटले तर कोशाशिवाय कळेल.

जोडाक्षर :
इथेच सर्वांत जास्त होणारी चूक सांगायला हवी, आणि तीही शब्दामुळेच होते. ‘रिपोर्ट करा’ याचे लोक ‘सगळ्यांना कळवा’ करतात. मग ती चित्रफीत ‘सावध राहा’ म्हणून शाळेच्या गटावर, तिथून सोसायटीच्या गटावर. हेतू कितीही चांगला असो, तो प्रसारच आहे आणि त्या मुलावर पुन्हा अत्याचार आहे. कलम १५(२) मधली सूट ठरवून दिलेल्या पद्धतीने कळवण्यापुरती आणि न्यायालयातल्या पुराव्यापुरती आहे, ‘जनजागृती’साठी नाही.

म्हणून ‘पोलिसांना कळवा’ असे कोणाला ते सांगूनच लिहा. आणि काय जपून ठेवायचे तेही : खात्याचा पूर्ण दुवा, वापरकर्ता-नाव (वर दिसणारे नाव नव्हे, ते घटकेत बदलता येते), मोबाइल क्रमांक असल्यास तो, तारीख, वेळ आणि कोणत्या ॲपवर. संभाषणाचे आणि खात्याच्या पानाचे स्क्रीनशॉट चालतील. अत्याचाराच्या चित्रणाचे स्क्रीनशॉट काढू नका, प्रती करू नका. मूळ फोन आहे तसा पोलिसांकडे न्या.

घाबरून लोक आधी ॲप काढून टाकतात किंवा समोरच्याला ब्लॉक करतात. ॲपबरोबर संभाषण जाते आणि काही ठिकाणी ब्लॉक केल्यावर खात्याचा दुवाही उघडत नाही. क्रम असा : नोंद, मग तक्रार, मग ब्लॉक.

रफार :
‘तक्रार’ की ‘खबर’? फरक आहे.

अवग्रह :
आहे, आणि महत्त्वाचा आहे. ‘तक्रार’ ज्याचे नुकसान झाले तो करतो, अशी आपली समजूत. पॉक्सोचे कलम १९ मात्र *कोणत्याही* व्यक्तीला लागू आहे : गुन्हा घडला हे माहीत असेल, किंवा घडेल अशी धास्ती असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना माहिती द्यायची. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, फोन दुरुस्त करणारा, सगळे यात आले. म्हणून ‘माहिती देणे’ किंवा ‘खबर देणे’. पुरावा हाती असण्याची अट नाही.

गुन्हा घडल्याचे माहीत असून खबर दिली नाही, तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. बालकाला ही शिक्षा लागू नाही. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल कोणावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

पोलिसांनी खबरीला नोंदक्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. नोंद न करणारा पोलीसही कलम २१ मध्ये येतो, हे पत्रकात ठळक छापा.

तळटीप :
‘ग्रूमिंग’साठी ‘फूस लावणे’ चालेल?

उकार :
जवळ जाते, पण ‘फूस लावून पळवून नेले’ या ठरीव वाक्यामुळे वाचकाला अपहरण आठवते. ग्रूमिंगमध्ये मूल घरातच असते, कित्येकदा आईवडील शेजारच्या खोलीत असतात. ‘आमिष दाखवणे’ त्यातला एकच भाग सांगते. ‘विश्वास संपादून जाळ्यात ओढणे’ हे लांब आहे, पण क्रम बरोबर सांगते : आधी विश्वास, मग जाळे. एकदा तसे समजावून पुढे ‘ग्रूमिंग’च ठेवा, कारण मदतवाहिनीवर आणि पोलीस ठाण्यात तोच कानी पडेल. कलम ६७ब बालकाला लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन नात्यात ओढणे हाही गुन्हा मानते. प्रत्यक्ष भेट व्हायलाच हवी असे नाही.

खुणा क्रियापदांनी लिहा, नामांनी नको. ‘गोपनीयतेचा आग्रह’ यापेक्षा ‘हे आपल्या दोघांतच ठेव, असे तो सांगतो’ हे चटकन पोचते.

जोडाक्षर :
‘सेक्स्टॉर्शन’ला सगळीकडे ‘लैंगिक खंडणी’ दिसते. पैसे मागितले असतील तर ठीक. पण मुलांकडून बऱ्याचदा पैसे नव्हे, आणखी फोटो मागितले जातात. ‘खंडणी’ वाचून मूल म्हणते, ‘माझ्याकडे पैसे मागितले नाहीत, म्हणजे हे ते नव्हे.’

अवग्रह :
भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मधली खंडणीही मालमत्ता उकळण्याबद्दलच आहे. नुसती धमकी कलम ३५१ मध्ये येते. तेव्हा ‘फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागणे’ असे सोडवून लिहा. एका शब्दाचा हट्ट इथे कामाचा नाही.

‘इंटरमीडियरी’ला मराठीत ‘मध्यस्थ’ म्हणतात, आणि त्यावरून लग्न जुळवणारे काका आठवले तरी इलाज नाही. पत्रकात ‘समाजमाध्यम कंपनी’ लिहा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्या ‘महत्त्वाच्या समाजमाध्यम मध्यस्थ’ ठरतात. असे चित्रण आपणहून शोधणारी यंत्रणा वापरण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा आहे.

जोडाक्षर :
ही यंत्रणा बऱ्याचदा ‘हॅश’वर चालते. याला ‘अंकीय ठसा’ म्हणता येईल : चित्रावरून काढलेली आकड्या-अक्षरांची ओळ, जिच्यावरून चित्र परत तयार करता येत नाही. ‘टेक इट डाउन’ ही बालकांची अशी चित्रे इंटरनेटवरून हटवायला मदत करणारी सेवा अशीच चालते. ठसा मुलाच्या फोनवरच निघतो, चित्र कुठेही पाठवावे लागत नाही. हे एक वाक्य पत्रकात असेल तर पुष्कळ मुलांची भीती जाईल.

तळटीप :
शेवटचा प्रश्न. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ‘ॲनॉनिमस’ तक्रारीची सोय आहे. ‘गुप्त’ लिहू की ‘निनावी’?

उकार :
‘निनावी’. ‘गुप्त’ म्हणजे नाव पोलिसांना माहीत आहे, बाहेर फुटत नाही. ‘निनावी’ म्हणजे नाव दिलेलेच नाही. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर बालकांविषयीच्या अशा चित्रणाची खबर निनावी देता येते, पण मग पुढे काय झाले ते पाहता येत नाही. माग ठेवायचा असेल तर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून द्यावी लागते. आपलेच मूल अडकले असेल तर निनावी देऊ नका, पोलिसांना तुमच्यापर्यंत पोचता आले पाहिजे.

क्रमांकांत घोळ करू नका : १०९८ बालकांसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी, १९३० आर्थिक सायबर फसवणुकीसाठी. पत्रकांत बऱ्याचदा १९३० एकटाच छापलेला असतो.

आणि ‘गुप्त’ हा शब्द वाया जाणार नाही, तो पॉक्सोच्या कलम २३ साठी ठेवा. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, वस्ती, यांतले काहीही माध्यमांत उघड करणे गुन्हा आहे : किमान ६ महिने, कमाल १ वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ‘अमुक शाळेतील सातवीची विद्यार्थिनी’ असे नाव न घेता लिहिले तरी शाळा उघड झालीच.