मदत हवी आहे: मुलगा २६ महिन्यांचा, ऑटिझमची शंका. निदानाआधीच थेरपी सुरू करू का?

आम्ही सावंतवाडीजवळच्या गावात राहतो. मुलगा पंधराव्या महिन्यात 'काऊ', 'दुदू', 'आबा' म्हणायचा. दीड वर्षानंतर एकेक शब्द गेला. आता हाक मारली तर मान वळत नाही, पण आतल्या खोलीत आवडती जाहिरात लागली की धावत येतो. काही हवं असेल तर बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. बाटल्यांची झाकणं ओळीत मांडतो, मधलं एक हललं की आकांत.

कान तपासले, ऐकू नीट येतं. (बेरा टेस्ट. झोपेचं औषध पाजूनही पठ्ठ्या दोन तास जागा.) गोव्यातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एम-चॅटचे (ऑटिझमची शक्यता बघायची प्रश्नावली) २० प्रश्न विचारले, गुण आले ११. आठ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात म्हणे. ती वेळ मिळाली अडीच महिन्यांनंतरची. तोवर बसून राहू नका, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू करा, असं त्यांनी सांगितलं. इथल्या डॉक्टरांचं उलट: मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांचा होऊ दे. सासूबाई त्यांच्या बाजूने, "तेचो बापूस पण उशिरानच बोललेलो." नवरा कुणालाच दुखवत नाही.

थेरपी घेतली आणि पुढे ऑटिझम निघालाच नाही, तर मुलाचं काही नुकसान होतं का? आणि पणजीला आठवड्यातून एकदाच जाणं जमेल. पाऊण तासासाठी अख्खा दिवस मोडतो. उरलेले सहा दिवस मी घरी काय करू, हे खरं विचारायचंय. नणंदेने ऑटिझमवरच्या स्टेम सेल उपचाराची जाहिरातही पाठवली आहे.

प्रतिसाद १
नुकसान काही नाही, गेलेले महिने मात्र परत येत नाहीत. आलेले शब्द जाणं हे 'उशिरा बोलणं' नव्हे, हे इथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. आम्ही तिसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबलो होतो, म्हणून एवढं तोडून लिहितेय.

सहा दिवसांचं म्हणाल तर वेगळा 'अभ्यास' घेऊ नका. त्याच्या समोर जमिनीवर बसा, तोंडाला तोंड येईल असं. तो झाकणं मांडतोय ना, तुम्हीही एक झाकण मांडा. ओळ मोडू नका, नुसतं शेजारी. तो बघेल. मग झाकणं तुमच्या ओच्यात ठेवा आणि एकेक द्या, देताना फक्त "घे". आवडता खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, म्हणजे त्याला तुमच्याकडे यावंच लागेल. आला की लगेच उघडू नका. मनात पाच आकडे मोजा, त्याने बघितलं, हात लावला, आवाज काढला, काहीही केलं तरी "उघड" म्हणून उघडा. आंघोळीला "पाणी... ओत!" करताना मध्येच थांबा. "हे काय? बोल ना, बोल" हे मात्र घरातल्या सगळ्यांचं बंद करा. आमच्याकडे सगळ्यात अवघड तेच गेलं, आजोबा ऐकेनात.

प्रतिसाद २
तुम्ही गोव्याला जाताच म्हणून सांगतो. गोवा आणि रावळपिंडी इथे मिळून ६५ मुलांवर 'पास' नावाची चाचणी झाली होती, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. आईबाप मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि तोच त्यांच्याबरोबर बघून, मूल कुठे प्रतिसाद देतंय ते दाखवायचं. शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पालकांचा मुलाला प्रतिसाद देण्याचा ढंग सुधारला, मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. तेव्हा तुमच्या थेरपिस्टला पाऊण तासातली वीस मिनिटं तुम्हाला शिकवायला सांगा. दार लावून मुलाला आत नेणारी जागा असेल तर दुसरी शोधा.

स्टेम सेल अजिबात नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी ते वापरू नये असं सांगितलंय.

प्रतिसाद ३
ओरोसला जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली विकासातल्या विलंबाची तपासणी मोफत असते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. निदान झालं की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि नंतर 'निरामय' आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. कागदांचं नंतर बघू, आधी केंद्र.

धागाकर्ती
बरणीचं आज केलं. त्याने बरणी भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदा माझ्या मांडीवर आणून ठेवली, वर बघितलं नाही, पण थांबला. सोमवारी ओरोसला जातोय, नवऱ्याने रजा टाकली.

अजून एक: गावच्या अंगणवाडीताई म्हणतात, तासभर आणून बसवा, मुलांत मिसळेल. पाठवू की आधी घरीच सवय लावू?