मदत हवी आहे: स्ट्रासबुर्गच्या मेझाँ कामेरझेलमध्ये आई-बाबांना न्यावं का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरमध्ये आमच्याकडे जर्मनीत कार्ल्सरूहला येतायत. इथून फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग रेल्वेनं जेमतेम पाऊण तास, त्यामुळे तिथे जायचं पक्कं आहे. अडलंय ते कथेड्रलशेजारच्या मेझाँ कामेरझेलवर.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काळपट लाकडाचं, नक्षीनं गच्च भरलेलं घर. मूळ १४२७चं. खालचा दगडी मजला १४६७चा आणि वरचे लाकडी मजले १५८९मध्ये मार्टिन ब्राउन या चीज विकणाऱ्या व्यापाऱ्यानं चढवले. नाव मात्र चिकटलं एकोणिसाव्या शतकातल्या कामेरझेल नावाच्या किराणावाल्याचं! बाटलीच्या बुडासारख्या गोल काचांच्या ७५ खिडक्या, लाकडावर कोरलेल्या बारा राशी, पंचेंद्रियं, वादक. १८७९मध्ये कथेड्रलची देखभाल करणाऱ्या संस्थेनं ते लिलावात घेतलं. आता तिथे रेस्टॉरंट आहे आणि वर राहायच्या खोल्या.

बाबांचा जन्म शनिवार पेठेतल्या वाड्यातला. वाडा पडून तिथे बिल्डिंग झाली तेव्हा ते आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. मी मागे या घराचे फोटो पाठवले, तर इतर कशाबद्दल अवाक्षर नाही, थेट प्रश्न: "तुळई खांबावर कशी बसवलीय? खिळे आहेत की लाकडी खुंट्या?" मला काय कपाळ कळणार! खाली दगड, वर लाकडाचा सांगाडा, म्हणजे रचना आपल्या वाड्याचीच, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तिथे एक रात्र तरी झोपवावं असं फार मनात आहे.

आता अडचणी. आईचे गुडघे. आत दगडी गोल जिना आहे, लिफ्टचं वेबसाइटवर वाचून नीट कळलं नाही. दुसरं म्हणजे आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, त्यात चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूणही बंद. आणि स्ट्रासबुर्गच्या अल्सास प्रांतातलं जेवण म्हणजे शुक्रूट, आंबवलेल्या कोबीवर डुकराच्या मांसाचा डोंगर.

मुक्काम करावा, की नुसतं जेवून यावं? आईला तिथे खायला काय मिळेल? कुणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
मुक्काम काह्लला करा. ऱ्हाइनच्या अलीकडे, जर्मनीत, खोल्या बऱ्याच स्वस्त. तिथून डी ट्राम पूल ओलांडून थेट स्ट्रासबुर्गात जाते.

प्रतिसाद २
काह्ल नव्हे हो, केल!

लिफ्टचं वेबसाइटवर शोधत बसू नका, फोन करून विचारा. जेवायला तळमजल्यावरचं टेबल मागून घ्या. खालच्या कमानदार दालनात लेओ श्नुगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, आईंना एकही पायरी न चढता तेवढं बघता येईल. लाकूडकाम वर आहे, तेव्हा बाबांना जेवण झाल्यावर वेटरला विचारून वर पाठवा.

जेवणाचं अवघड आहे. या घराची खासियत तीन माशांचा शुक्रूट. फ्लामकुखन (पातळ पोळीवर क्रीम) बेकनशिवाय मिळतं, पण कांदा त्याचा प्राण, तो काढला तर उरतं काय? ताज्या चीजबरोबर परतलेले बटाटे मिळतात का विचारा. बिबलेसकेस म्हणतात त्याला, लसूण आणि चाइव्ह (कांद्याच्या पातीसारखी पानं) वेगळे द्या म्हणून सांगायचं. नूडल्ससारखं श्पेट्झल दिसलं तर त्यात अंडं असतं, लक्षात ठेवा. आणि मुन्स्टर चीजच्या वाटेला जाऊ नका, त्यात बहुधा वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. वासानंच आई उठून जातील ते वेगळंच.

प्रतिसाद ३
बाबांना सांगा, त्या भागातल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीतली जागा काड्या विणून त्यावर माती-गवताचा गिलावा थापून भरायचे. म्हणजे आपल्या कोकणातला कारवीचा कूडच! जोड लाकडी खुंट्यांचे, म्हणून घर सुटं करून दुसरीकडे नेता यायचं. म्युलूझजवळ उंगर्सहाइमला अशी आणून उभी केलेली घरं आहेत, १९८४पासून संग्रहालय आहे ते. स्ट्रासबुर्गपेक्षा बाबा तिथे जास्त रमतील.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बाबांना फोनवर कुडाचं वाचून दाखवलं. उंगर्सहाइम आता यादीत पहिल्या क्रमांकावर गेलंय. मुक्काम रद्द, केलला खोली बघतेय. साडेबाराला कथेड्रलमधल्या खगोलीय घड्याळातले प्रेषितांचे (येशूच्या शिष्यांचे) पुतळे फिरतात, ते बघून कामेरझेलमध्ये तळमजल्यावर जेवण. आई म्हणाली, दशम्या आणि चटणी बरोबर घेते, तिथे नुसती कॉफी पिईन. रेस्टॉरंटमध्ये घरचा डबा उघडलेला चालत नाही हे तिला कोण सांगणार, हा आता वेगळा धागा काढावा लागेल!