पोळ्याचे व्हिडिओ, मयतीचे स्टेटस आणि गावातली पोरं

गुरुजी (ॲडमिन): सर्वांना नमस्कार. परवा पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लगेच मागून गणपती. या पंधरा दिवसांत पोरांच्या हातातला मोबाईल सगळ्यात जास्त चालतो आणि तक्रारीही याच दिवसांत येतात. "आजकालच्या पोरांना रीतभात नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मोबाईल हातात असताना रीत म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलं? आज ते या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून काढू. जे ठरेल ते मंडळाच्या फळ्यावर लागेल.

वार्ड २ काका: लिवून काय होते गुरुजी. मोबाईलच काढून घ्या पोट्ट्यायच्या हातातून. पुसद तालुक्यातल्या बान्सीनं ठराव घेतला होता ना, अठराच्या आतल्यायले मोबाईल बंद.

गुरुजी (ॲडमिन): हो काका, नोव्हेंबर २०२२ ची ग्रामसभा होती ती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरी वाट धरली. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. त्यात मोठी माणसंही आली, म्हणून मला ती वाट जास्त पटते. पूर्ण बंदी केली की पोरगा मित्राच्या मोबाईलवर दुसऱ्या नावानं खातं उघडते. मग काही वाईट घडलं तर घरी सांगतही नाही, कारण मोबाईल चालवला याचाच मार आधी बसणार.

मंडळ अध्यक्ष: हे शंभर टक्के खरं आहे. फोटोवरून पैसे मागणारा माणूस पहिलं वाक्य हेच लिहिते, "तुझ्या घरी पाठवून देईन". ज्या घरात पोरगी रडत येऊन सांगू शकते, त्या घरात त्याचा धंदा चालत नाही.

अंगणवाडीताई: मी तान्ह्या पोळ्याचं सांगते. लाकडी नंदीला सजवून लेकरं येतात, आपण फोटो काढतो आणि खाली लेकराचं पूर्ण नाव, बापाचं नाव, शाळा, वर्ग सगळं लिहून टाकतो. वर शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला फोटोत वाचता येते. अनोळखी माणसाला लेकराशी ओळख सांगायला एवढं पुरते. "मी तुझ्या बाबाचा मित्र, तू अमुक वर्गात ना?" म्हणून आपण यंदा असं करू:
फोटो गटाचा काढायचा, एकेकट्या लेकराचा नाही.
नाव लिहायचं तर फक्त पहिलं.
फोटो या ग्रुपवर टाकायचा. इन्स्टाग्रामवर टाकायचा असला तर आईबापाला विचारून, आणि लेकरू सातआठ वर्षांच्या वरचं असलं तर त्यालाही विचारून. "नको" म्हटलं तर नको. तिथूनच ते दुसऱ्याला विचारायला शिकते.

बीएस्सीवाली: ताई, हे मोठ्यांनाही सांगा ना. आमचे दहावीचे गुण, आंघोळीचे लहानपणीचे फोटो, ताप आला तर सलाईन लावलेला फोटो, हे सगळं घरचेच टाकतात. आम्हाला कोणी विचारत नाही. मग आम्ही विचारावं असं म्हणता, ते कुठून शिकायचं?

अंगणवाडीताई: बरोबर आहे बाई. हा मुद्दा फळ्यावर पहिला घ्या गुरुजी.

वार्ड २ काका: झडतीचं, म्हंजे पोळ्यात एकमेकायवर म्हनतो त्या टोमण्याच्या कवनाचं, बोला कोनीतरी. मांगच्या काही वर्षांपासून हेच भांडनाचं मूळ होऊन रायलं. झडती तोरनाखाली म्हनाची, ज्याच्यावर म्हनली तो समोर उभा असते, तो उलटून दुसरी म्हनते, हर बोला हर हर महादेव, आन् तोरन तुटलं का तिथंच मिटलं. त्याच्यात कोनाची उधारी निघे, कोनाचा कंजूसपना निघे. पन त्याले उत्तर द्याची सोय असे.

बीएस्सीवाली: काका, हेच तर आहे. रीलमध्ये फक्त पहिली झडती जाते, उत्तर कापलं जाते. आणि पाहणारे आपल्या गावचे नसतात. त्या माणसाच्या मुलीच्या सासरी तो व्हिडिओ रात्रीच पोचते. तिथं त्याला कोणी ओळखत नाही, फक्त टोमणा ऐकू येते.

मंडळ अध्यक्ष: मग असं ठरवू. बैलजोड्या, सजावट, वाजंत्री, तोरण, पूजा यांचं चित्रण मोकळं. माणसाचं नाव घेऊन म्हटलेली झडती टाकायची नाही, आणि टाकायचीच तर त्या दोघांना विचारून, सवालजवाब दोन्हीसकट. हे झडत्या सुरू व्हायच्या आधी माईकवरून सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही, तोपर्यंत दहा जणांचं लाईव्ह सुरू झालेलं असते.

पोलीस पाटील: लाईव्ह करनाऱ्यानं एक ध्यानात ठेवा. भांडन सुरू झालं तर लाईव्ह बंद करा. कॅमेरा आपल्यावर आहे म्हटल्यावर मांगं हटनारा मानूसही हटत नाही, कमीपना वाटते त्याले. चार जनांनी मोबाईल काढले का धक्काबुक्कीची मारामारी होते. पुरावा पाहिजे तर एकानं लांबून काढा आन् सरळ माझ्याकडे द्या. ग्रुपवर नाही.

आशाताई: मयतीचं बोलायचं आहे, ते राहून जाईल. गावात कोणी गेलं की पंधरा मिनिटांत "भावपूर्ण श्रद्धांजली" स्टेटसला लागते. पोरांना वाटते आपण मान देतो. पण लेक सासरी असते. तिला घरचे "बाबाची तब्येत जास्त आहे, निघ" एवढंच सांगतात, कारण तिला एसटीनं तीन तास एकटीनं यायचं असते. आणि रस्त्यात ती स्टेटस उघडते. यापेक्षा वाईट रीतीनं कोणाला बाप गेल्याचं कळू नये.
म्हणून क्रम असा ठेवा. घरच्या एका माणसाला विचारायचं, "सगळ्या लेकी-जावयांना, भावांना कळवलं का?" तो हो म्हणाला की मगच ग्रुपवर मजकूर. मजकुरात चारच गोष्टी: नाव, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून निघणार, घरच्या कोणाला फोन करायचा. फोटो जुना, हसता, घरच्यांनी दिलेला. देहाचा फोटो नाही, सरणाचा नाही, रडणाऱ्या बायांचा तर अजिबात नाही.
आणि खाली साठ जणांनी हात जोडलेले टाकू नका. त्यात वेळेचा मजकूर वर निघून जाते आणि बाहेरगावचा माणूस विचारत बसते. भेटायला जा, किंवा तेरवीच्या आधी एक फोन करा.

गुरुजी (ॲडमिन): आशाताई, हे जसंच्या तसं घेतो. आत्महत्या असेल तर आणखी जपायचं. कारण काय, कसं केलं, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीच ग्रुपवर नाही. घरात दुसरं खचलेलं माणूस तेच वाचत असते.

आशाताई: आणि अपघात दिसला तर आधी १०८ ला फोन. ठिकाण सांगताना फाटा, पूल, किलोमीटरचा दगड सांगा. जखमीचा चेहरा टाकायचा नाही, गाडीचा नंबरही नाही. नंबरावरून घरचे ओळखतात.

बीएस्सीवाली: विसर्जनाचं पण. नदीवर बाया-पोरी भिजलेल्या असतात. झूम करून काढतात आणि गाणं लावून टाकतात. आम्ही म्हणून आता विसर्जनाला जाणंच बंद केलं. रीत मोडते कोण आणि घरी बसते कोण?

वकील वहिनी: यावर मी स्पष्ट लिहिते, पोरांनी वाचावं. बाईचं कपडे बदलताना, आंघोळ करताना किंवा खासगी स्थितीत चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं शिक्षा. त्यात आणखी एक आहे जे पोरांना माहीत नसते. मुलीनं फोटो स्वतः काढू दिला असेल, पण पुढे पाठवायला हो म्हटलं नसेल, तर पाठवणारा गुन्हेगार आहे. "तिनंच दिला होता" ही सबब चालत नाही. आणि मुलगी अठराच्या आतली असेल, तर असा फोटो नुसता मागणं, उतरवून घेणं, पुढे ढकलणं यालाही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब लागते, पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत.

मंडळ अध्यक्ष: वहिनी, समजा कोणाचा फोटो किंवा व्हिडिओ गेलाच. तर पहिल्या तासात काय करायचं? आम्ही पोरं काय करतो, की लिंक सगळ्या ग्रुपवर टाकतो, "सगळे रिपोर्ट करा".

मोबाईल दुकान: हेच चुकते भाऊ. शंभर रिपोर्ट केले का लवकर निघते असं नाही, इन्स्टाग्राम स्वतःच सांगते का आकड्यावर ठरत नाही. एक रिपोर्ट बरोबर कारणाचा पुरते. लिंक फिरवली का उलट पाहनारे वाढतात. आता क्रमानं सांगतो.

आधी पुरावा, मंग रिपोर्ट. रिपोर्ट केल्यावर पोस्ट उडाली तं हातात काही राहत नाही. शेअरचं चिन्ह दाबून "लिंक कॉपी" करा, स्वतःच्या नोटमध्ये चिकटवा. खात्याचीही लिंक घ्या, नुसतं नाव लिहू नका, नाव तो दोन मिनिटांत बदलवते. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव आन् तारीख दिसली पाहिजे.

खाली कमेंट करू नका, शिव्या देऊ नका, त्याले मेसेज करून विनवण्या करू नका. पैसे मांगत असला तं एक रुपया देऊ नका. दिला का दुसऱ्या दिवशी परत मांगते.

मंग तीन टिंब, रिपोर्ट, आन् कारण नीट निवडा. नग्न फोटो असला तं ते कारण, त्रास देत असला तं ते, आपल्या नावानं खोटं खातं काढलं असलं तं तोतयागिरीचं. "मला आवडलं नाही" हे कारण दाबू नका, त्यानं पोस्ट निघत नाही.

वकील वहिनी: यात एक दुरुस्ती, फार महत्त्वाची. फोटो अल्पवयीन मुलीचा किंवा मुलाचा आणि नग्न असेल, तर स्क्रीनशॉट घेऊ नका आणि पुरावा म्हणून कोणाला पाठवूही नका, मलाही नाही. फक्त लिंक, खात्याचं नाव, पाहिल्याची वेळ कागदावर लिहा आणि पोलिसांना द्या. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, "आमच्या हद्दीत नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही. ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर महिला व बालकांचा वेगळा भाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार होते. लेकरांसाठी १०९८, रात्रीही चालते. पैसे गेले असतील तर १९३०, आणि तो फोन जेवढा लवकर तेवढं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात.

मोबाईल दुकान: असे नग्न फोटो फिरू नये म्हनून अजून एक सोय आहे. अठराच्या वरच्यांसाठी "स्टॉप एनसीआयआय" नावाचं संकेतस्थळ, अठराच्या आतल्या वयातल्या फोटोसाठी "टेक इट डाउन". तिथं फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच मोबाईलमध्ये त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होते, तेवढाच जाते, आन् फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो ठसा जुळला का फोटो अडवतात. फोटो छाटून किंवा त्यावर काही लिहून टाकला तं ठसा जुळत नाही. म्हनून जेवढ्या प्रकारचे फोटो फिरून रायले, तेवढ्या सगळ्यायचे ठसे टाका. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांत हे चालत नाही, तिथं मानसालेच थांबावं लागते.

बीएस्सीवाली: गलिच्छ कमेंट करणारा नात्यातला किंवा गल्लीतलाच असला तर? ब्लॉक केलं की त्याची आई आमच्या घरी भांडायला येते.

मोबाईल दुकान: ब्लॉक नको करू ताई, "रिस्ट्रिक्ट" कर. त्याची कमेंट त्यालेच दिसते, बाकीच्यायले नाही, आन् त्याले कळतही नाही. सेटिंगमध्ये लपवायच्या शब्दांची यादी आहे, तिथं शिव्या टाकून ठेव. पन प्रत्येक शिवी मराठी अक्षरात आन् इंग्रजी अक्षरात दोन्ही लिहावी लागते, दोनतीन स्पेलिंगनं, नाहीतर अर्ध्या सुटतात. खातं प्रायव्हेट ठेव. आन् पब्लिक ठेवाचंच असलं तं रील डाउनलोड करू द्याची परवानगी बंद कर.

पोलीस पाटील: गाडीवरच्या रीलचंही लिहा. अठराच्या आतला पोरगा मोटारसायकल चालवताना सापडला तं गाडीमालकाले किंवा बापाले २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदनी १२ महिने रद्द, आन् त्या पोराले २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. रील म्हंजे त्यानं स्वतःच दिलेला पुरावा, नंबर प्लेटसकट.

वार्ड २ काका: आन् पोरं या ग्रुपवर चोर आल्याच्या अफवा टाकतात त्याचं काय?

गुरुजी (ॲडमिन): काका, त्या अफवा पोरांपेक्षा आपल्या वयाची माणसं जास्त ढकलतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मागे व्हॉट्सॲपवरची अफवाच होती. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे. असा मेसेज इथं टाकायच्या आधी पोलीस पाटलांना खासगीत पाठवा.

पोलीस पाटील: रात्री दोन वाजता पाठवला तरी चालते. मी ठाण्यात विचारून सांगीन.

वार्ड २ काका: बरं, एखाद्यानं टाकलंच तं ॲडमिन म्हनून गुरुजीवर केस होते का?

वकील वहिनी: नुसता ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात तेच सांगितलं, टाकणाऱ्यासोबत ॲडमिनचाही तोच हेतू असला पाहिजे. पण गुरुजी कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतात, ते लगेच करावं. ज्यानं टाकला त्याला साधारण अडीच दिवसांपर्यंत पुसता येते. मात्र ज्यांच्या गॅलरीत उतरला, तिथून तो जात नाही.

गुरुजी (ॲडमिन): आणि ज्यानं टाकला त्याला ग्रुपवर झापायचं नाही. मी त्याला फोन करीन. पंधरा वर्षांच्या पोराला दोनशे माणसांसमोर फाडलं की तो चूक विसरते, अपमान विसरत नाही.

मंडळ अध्यक्ष: फळ्यावर मावेल एवढं मी लिहून आणतो. अंगणवाडीताई आणि बीएस्सीवाल्या ताईंचा मुद्दा वर, झडती, मयत, विसर्जन खाली, आणि १०८, १०९८, १९३० मोठ्या अक्षरात. विसर्जनाला घाटावर मंडळाचा एकच कॅमेरा राहील, बाकीच्यांचे मोबाईल खिशात. आमची सहा पोरं बिल्ला लावून उभी राहतील.

बीएस्सीवाली: सहा पोरांत तीन पोरी घ्या. आम्ही येऊ.

मंडळ अध्यक्ष: घेतल्या. नावं आज रात्री द्या.

मोबाईल दुकान: उद्या सकाळी १० ते १२ दुकानात बसतो, ज्याले खातं प्रायव्हेट कराचं किंवा सेटिंग लावाची आहे त्यानं या. पैसे नाही. मोबाईल चार्ज करून आना आन् पासवर्ड आठवून या, कोनाले सांगू नका, मलेही नाही, तुमचा तुम्हीच टाका.