कोकणातील परसबाग: कमी देखभालीच्या सेंद्रिय भाजीचे आपले अनुभव

घरापुरती भाजी विषारी फवारणीशिवाय आणि रोज तासन्‌तास न राबता पिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा शेजारच्या परसात अधिक चांगले मिळते, असे मला वाटते. बागकामावरचा बहुतेक छापील सल्ला देशावरची काळी माती आणि तिथला मोजका पाऊस धरून लिहिलेला असतो. आपली माती जांभ्याची, तांबडी आणि आम्लधर्मी आहे. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, मातीतला कस धुऊन नेतो, आणि शिमगा सरला की त्याच गावातल्या विहिरी तळ दाखवू लागतात. म्हणून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी स्वतःच्या हाताने परसबाग उभी केली आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. काय लावले यापेक्षा काय लावणे सोडून दिले, दिवसाला किती वेळ जातो आणि पाणी कुठून येते, हे लिहिल्यास नव्याने सुरुवात करणाऱ्याला अधिक उपयोग होईल. आरंभ माझ्यापासून करतो.

दापोली तालुका

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या घरामागचे दोन आंबे, एक फणस आणि चार माड एका दुपारी आडवे झाले. पंचनामा, लाकडे तोडणे, कौले बसवणे यांत तो पावसाळा गेला. ऑक्टोबरमध्ये लक्षात आले की ज्या परसात माझ्या लहानपणापासून गर्द सावली होती, तिथे आता दिवसभर ऊन पडत आहे. झाडे गेल्याचे दुःख होतेच, पण ऊन मिळाले आहे तर भाजी करून पाहू, असे घरात ठरले.

पहिल्या वर्षी हौसेने टोमॅटो आणि वांगी लावली. झाडे फुलावर आली आणि पाने हिरवीगार असतानाच दोन दिवसांत माना टाकून मेली. पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी घातले, तेव्हा उरलेलीही गेली. एका जाणकार शेतकऱ्याने मेलेल्या झाडाचे खोड बुंध्याजवळ कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभे धरायला सांगितले. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा हळूहळू पाण्यात उतरू लागला. ही जिवाणूजन्य मर. उष्ण, ओल्या आणि आम्लधर्मी जमिनीत ती ठाण मांडते आणि एकदा झाड धरले की कोणत्याही फवारणीने हटत नाही. तेव्हापासून त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी आणि मिरची ही एकाच कुळातली पिके मी लावत नाही. तिथे चवळी, वाली, माठ आणि मुळा यांची आलटून पालटून लागवड होते. मिरचीची चार झाडे वेगळ्या जागी, नव्या मातीच्या पिशव्यांत आहेत.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा ठरला. परसातला पातेरा होळीच्या सुमारास गोळा करून पेटवून देण्याची आमच्याकडे रीत होती. ती मी बंद केली. आता आंब्याकाजूचा सगळा पाला एका कोपऱ्यात, घरापासून पंधरा पावलांवर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या चौकोनात साठतो. अंतर मुद्दाम ठेवले आहे, कारण पाल्यात विंचू आणि साप येतात हे खरेच आहे आणि घरात लहान मुले आहेत. आंब्याचे आणि काजूचे पान चिवट असते, ते नुसते टाकून लवकर कुजत नाही. त्यावर अधूनमधून शेणकाला शिंपडला आणि पावसाळा जाऊ दिला, की दिवाळीपर्यंत खालचा थर काळा आणि भुसभुशीत होतो. वरचा अर्धवट कुजलेला पाला वाफ्यांवर वीतभर जाडीने पसरतो. त्यामुळे हिवाळ्यात रोज पाणी द्यावे लागत नाही, तिसऱ्या दिवशी दिले तरी चालते, आणि तणही फारसे वर येत नाही. पावसाळ्यात हाच पाला धारांचा मार स्वतःवर घेतो आणि माती जागच्या जागी राहते. वाफे मात्र फूटभर उंच आणि चिऱ्यांनी बांधलेले हवेत, नाहीतर जुलैमध्ये मुळे कुजतात. सकाळची वीस मिनिटे, एवढाच माझा रोजचा वेळ आहे.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रवखताबद्दल, अनेक जण विचारतात. घरगुती प्रमाण वीस लिटर पाण्याला एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती असे आहे. मी ते दोन वर्षे केले. जमीन अगदी निकस असेल तर आरंभी अवश्य करावे. पण पाला आणि शेण नियमित मिळत असेल, तर दर पंधरा दिवसांनी हा व्याप करण्याची गरज मला वाटली नाही.

गुहागर, निवृत्त शिक्षिका

आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि परसात माती नाही, निव्वळ पुळण म्हणजे समुद्राची वाळू आहे. वरून घातलेले पाणी आणि खत दोन्ही क्षणात खाली जातात. शेणखताच्या गाड्या ओतून मी तीन वर्षे फुकट घालवली. शेवटी माडाला जे करतात तेच भाजीला केले. दीड हात खोल चर खणून त्यात नारळाच्या सोडणांचे दोन थर, पोकळ बाजू वर ठेवून, मांडले. त्यावर पाला, शेणखत आणि मग वाळू घातली. प्रत्येक सोडण वाटीसारखे पाणी धरून ठेवते. सोडणे ताजी वापरू नयेत. एक पावसाळा उघड्यावर भिजून त्यांचे तांबूस पाणी निघून गेलेले असावे.

दुसरी अडचण पाण्याची. एप्रिलच्या मध्यानंतर आमची विहीर मचूळ होते. त्या पाण्याने वालीच्या आणि काकडीच्या पानांच्या कडा जळतात, हे मी दर वर्षी पाहिले आहे. पालक बऱ्यापैकी तग धरतो आणि शेवग्याला काही होत नाही. इतरांना वाचवण्यासाठी पूर्वी मी गोडे पाणी विकत घेत असे. आता पंधरा एप्रिलपासून मृग नक्षत्रापर्यंत बाग बंद ठेवते. वाफ्यांवर झावळ्या अंथरते आणि मागे वळून पाहत नाही. आपल्या हवेत बारा महिने हिरवी भाजी हवीच असा हट्ट धरला, तर कमी कष्टाची बाग कधीही होणार नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगावे तसे ठामपणे सांगते.

रत्नागिरी शहर

जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची गच्ची आणि चौदा पिशव्या. शेणखत, नारळाचा भुसा आणि तांबडी माती समभाग घेतो. पावसाळ्यात पिशव्या विटांवर उचलून ठेवाव्या लागतात, कारण खालची छिद्रे बुजली की दोन दिवसांत झाड जाते. जुलै आणि ऑगस्टमध्ये ऊन इतके कमी असते की मायाळू आणि अळू सोडून काही नीट वाढत नाही. त्यामुळे खरी बाग ऑक्टोबर ते मार्च. वाऱ्यासाठी पश्चिमेला हिरवी जाळी बांधली आहे.

अलिबाग तालुका

आमच्याकडे कमी देखभालीची भाजी हा नवा विचार नाही, आमचा वाल तसाच होतो. भात कापून झाले की जमिनीत जी ओल शिल्लक राहते, तीवरच तो वाढतो. मी घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात भाताच्या सडांमध्येच, नांगरट न करता, काठीने भोक पाडून दोन दोन दाणे टाकतो. नोव्हेंबरमध्ये पेरलेला वाल जानेवारीअखेरीपासून शेंगा देऊ लागतो. पाणी एकदाही देत नाही, खत घालत नाही. थंडीत रात्री जे दव पडते त्याचाही आधार मिळतो. शेंगा संपल्यावर मी झाड उपटत नाही, बुडाशी कापतो. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि मुळे तिथेच कुजली की तो पुढच्या पिकाला मिळतो.

मावा ही कीड मात्र येते. ढगाळ हवा चार दिवस टिकली की कोवळ्या शेंड्यांवर काळे थर दिसतात. शेंडे खुडून लांब नेऊन पुरायचे आणि निंबोळीची पूड, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळून संध्याकाळी फवारायची. याहून अधिक काही करण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. पोपटीसाठी पहिल्या शेंगा राखून ठेवतो. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या घरच्या शेंगांची चव बाजारच्या शेंगांना येत नाही.

राजापूर तालुका, सध्या मुंबई

माझा अनुभव वेगळा आहे, कारण मी गावी वर्षातून तीनदाच जातो: शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. घर एरवी बंद असते. पाच वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मिश्र भाज्यांची साठ रोपे आणि ठिबकचा संच घेतला. ‘लावा आणि विसरा’ असे तेव्हा सांगण्यात आले होते. टाकीतले पाणी संपले, नळ्या मुंग्यांनी आणि मातीने बुजल्या, आणि शिमग्याला गेलो तेव्हा साठ वाळक्या काड्या उभ्या होत्या. त्या वेळी फार वाईट वाटले. आईने एवढेच विचारले, ‘अरे, आजीचा सुरण कोणी शिंपला होता रे?’

तिथून मी उलट विचार केला. आजीच्या परड्यात न शिंपता काय येत होते, ते आठवून लिहून काढले: सुरण, अळू, करांदे आणि कणगी (दोन्ही वेलींचे कंद), शेवगा, कढीलिंब, केळ, नीरफणस. आता मे महिन्याच्या सुट्टीत हात-दीड हात खोल खड्डे काढून त्यांत पाला आणि शेणखत भरतो आणि सुरणाचे अर्ध्या ते एक किलोचे, डोळा असलेले तुकडे लावतो. पावसाने तो आपोआप उगवतो. गणपतीत छत्रीसारखी पाने उभी दिसतात. पुढे पाने पिवळी पडून आडवी झाली की गड्डा तयार. तो तेव्हाच काढला पाहिजे असेही नाही, जमिनीतच राहतो आणि शिमग्याला गेल्यावर काढता येतो. अळू न्हाणीच्या मोरीवर आणि केळ त्याच्या पलीकडे, ही जुन्या घरांची मांडणी होती. वापरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ती होती, हे मला आता कळते. बंद घरात न्हाणीचे पाणी नसते, म्हणून मी अळू पागोळ्यांच्या रेषेत लावले आहे.

देवगड

माकडांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे भेंडी, काकडी, पपई काहीही ठेवत नाहीत. जाळ्या फाडतात, बुजगावण्याला चार दिवसांत ओळखतात. अळू, सुरण, हळद, मिरची आणि कारले यांना मात्र आजवर फारसा त्रास झालेला नाही. कारल्याला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ वाण लावले आहे. फळे लहान, दोन्ही टोकांना निमुळती आणि भरपूर लागतात. ज्यांच्याकडे माकडे आहेत त्यांनी आधी या पाच पिकांवर बाग बसवावी आणि मग इतरांचा विचार करावा.

वेंगुर्ले

आमच्या बागेचे वर्ष ऋषिपंचमीवर बेतलेले आहे. त्या दिवशीची भाजी बैलाच्या श्रमाची चालत नाही, माणसाच्या हातची लागते. माझ्या सासूबाई मृगाचा पहिला पाऊस झाला की अंगणाच्या कडेला पडवळ, शिराळी, तवसे (मोठी काकडी), भोपळा आणि भेंडी टोकत असत. बी लावले की अडीच-तीन महिन्यांत चतुर्थी येते, हा त्यांचा हिशेब. मीही तसेच करते. मांडव बांबूचा आणि सुंभाचा. पडवळ बोटभर लांब झाले की त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा खडा बांधायचा, नाहीतर ते वळून गोळा होते. खडा जड झाला तर देठातून तुटते, म्हणून मी चिंचोक्याएवढ्या खड्याने सुरुवात करते आणि आठवड्याने मोठा बांधते.

वेलभाज्यांना फळमाशी लागते. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. कीड पडलेले फळ झाडाखाली टाकून देणे ही सर्वांत मोठी चूक. त्यातल्या अळ्या मातीत शिरतात आणि पुन्हा माश्या होऊन येतात. अशी फळे मी बादलीत पाण्याखाली बुडवून ठेवते, आणि चांगल्या फळांना फूल गळताच जुन्या साडीच्या पिशव्या चढवते. पावसाळ्यात गोगलगायी फार होतात. संध्याकाळी ओले गोणपाट अंथरायचे आणि सकाळी ते उलटून त्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

खत म्हणून मासळीचे काटे, कोलंबीची साले आणि डोकी खड्ड्यात हातभर खोल पुरते. वर राहिली तर मांजरे आणि कुत्री उकरतात. चुलीची राख आठवड्याला मूठभर वेलाभोवती. आपल्या आम्लधर्मी मातीला ती मानवते आणि तिच्यातून पालाशही मिळते, पण अति झाली तर माती उलट बिघडते.

बियाणे मी विकत घेत नाही. प्रत्येक वेलाचे पहिल्या बहरातले एक जोमदार फळ पिकू देते. तवशाच्या बिया धुऊन, सावलीत सुकवून, शेणात कालवून मागील दाराच्या भिंतीवर थापायच्या, ही सासूबाईंची पद्धत. भिंतीवरचा तो वाळलेला गोळा जूनमध्ये खरवडून बी वेगळे केले की बहुतेक सगळे उगवते. यंदाच्या थापीत तवशे आणि शिराळी दोन्ही आहेत. कोणाला हवे असल्यास मृगाच्या आधी कळवावे, मी राखून ठेवीन.